कॉलेज फुटबॉलचं स्टेडियम पारखायचं असेल तर सगळ्यात स्वस्त जागेवर बसून बघा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "आई-बाबा आलेत, त्यांना एकदा कॉलेज फुटबॉल दाखवायचंय, कुठं नेऊ?" नाहीतर कुणाची तरी मुलगी एमएससाठी नुकतीच आलेली असते आणि विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट घेऊ की नको, हे तिला ठरवायचं असतं. मी २००४ मध्ये ॲन आर्बरला शिकायला आले, पुढे नोकरी आणि संसारही मिशिगनमध्येच झाला. तेव्हापासून फॉलमधले, म्हणजे पानगळीच्या दिवसांतले, बरेचसे शनिवार मी स्टेडियममध्ये घालवले, इथल्या आणि परगावच्याही. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठापेठांचे संघ. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की आप्पा दुकान लवकर बंद करायचे आणि मला घेऊन निघायचे. इथला फुटबॉल हा पूर्ण वेगळा खेळ आहे. अंडाकृती चेंडू, शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. पण प्रेक्षकाला काय लागतं, हे आप्पांनी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते इथेही लागू पडतं: "मॅच दिसाय पायजे, बूड टेकाय पायजे आन् वरडाय संगं गडी पायजे."

स्टेडियमच्या फोटोंवरून यातलं काहीच कळत नाही. फोटो नेहमी चांगल्या जागेवरून काढलेले असतात. मैदानाच्या बरोबर मध्यावरच्या, म्हणजे पन्नास यार्ड लाइनवरच्या, महागड्या खुर्चीतून प्रत्येक स्टेडियम सुंदरच दिसतं. म्हणून माझी रीत अशी: नकाशावर त्या स्टेडियमचं सगळ्यात स्वस्त तिकीट कुठलं ते शोधायचं आणि त्या जागेवर बसणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर आणायचा. त्याला काय दिसेल, काय ऐकू येईल, पाणी किती लांब असेल आणि तो रात्री घरी किती वाजता पोचेल. त्या माणसाची सोय ज्यांनी पाहिली, ते स्टेडियम चांगलं.

आधी दिसण्याचं बघू

आमचं मिशिगन स्टेडियम, सगळे ज्याला बिग हाऊस म्हणतात, ते १९२७ मध्ये उघडलं. आज त्याची क्षमता १,०७,६०१ आहे. शेवटचा तो एक आकडा फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाची जागा म्हणून ठेवलाय, ती जागा नेमकी कुठली हे कुणालाच सांगितलेलं नाही. फील्डिंग योस्टने हे स्टेडियम बांधून घेतलं तेव्हा बराचसा भाग जमिनीत खोदून केला. त्यामुळे बाहेरून ते फारसं उंच दिसत नाही. गेटमधून आत शिरलात की तुम्ही एका प्रचंड परातीच्या काठावर उभे असता आणि मैदान खाली, तळाशी. पहिल्यांदा येणारा माणूस तिथे हमखास दोन मिनिटं थांबतो. थांबू द्या त्याला, मागून ढकलू नका.

या रचनेचा मोठा फायदा स्वस्त जागेवाल्याला मिळतो. मूळ परात एकच आहे, तिच्यावर दुसरा मजला नाही, डोळ्यांआड येणारा खांब नाही. नव्वदहून जास्त ओळी आहेत आणि सगळ्यात वरच्या ओळीतून खेळाडू लहान दिसतात हे खरं, पण खेळ अख्खा दिसतो. या खेळात अकरा विरुद्ध अकरा माणसं दर वेळी नव्याने मांडली जातात. ती मांडणी वरून, कॅरम बोर्ड बघावा तशी बघितली की कळायला लागते. कोण कुणाला अडवतोय, कोण मोकळा सुटला, हे खालून दिसत नाही.

म्हणून नवख्या माणसाला माझा पहिला सल्ला: पुढच्या ओळीचं तिकीट घेऊ नका. आपल्याकडे सवय अशी की जवळ म्हणजे चांगलं. इथे साइडलाइनवर राखीव खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, कॅमेरावाले अशी मोठी फौज उभी असते. पाचव्या-सहाव्या ओळीत बसलात तर तीन तास धिप्पाड पाठी बघत बसाल. तिसाव्या ओळीच्या वर, वीस यार्ड लाइनच्या आसपासचा कोपरा हा पैशाच्या मानाने उत्तम. एंड झोनच्या मागे बसायचं असेल तर निदान वीस ओळी वर जा, म्हणजे संघ किती यार्ड पुढे सरकला याचा अंदाज येतो.

जुनी आणि नावाजलेली स्टेडियमं इथेच फसवतात. कॅलिफोर्नियातल्या पासाडिनाचं रोझ बोल १९२२ पासून आहे. सूर्य कलताना मागच्या सॅन गॅब्रिएल डोंगरांवर जो रंग चढतो तो मी आयुष्यात विसरणार नाही. पण परातीचा उतार फार मंद आहे, त्यामुळे खालच्या ओळींतून पुढच्याच्या डोक्यावरून बघावं लागतं. तिथे जायचं तर वरचं तिकीट घ्या. उलट सिअ‍ॅटलच्या हस्की स्टेडियमने मनापासून सुधारणा केली. तिथे पूर्वी मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक होता. २०१३ मध्ये नव्याने उघडलं तेव्हा तो गेलेला होता आणि माणसं मैदानाजवळ सरकली होती. कुठल्याही स्टेडियमच्या नकाशावर मैदानाभोवती ट्रॅक दिसला तर समजा की तुमच्या जागेपासून खेळ आणखी लांब आहे.

उन्हाचं गणित बहुतेक जण विसरतात. बहुतेक मैदानं उत्तर-दक्षिण असतात. दुपारी साडेतीनच्या सामन्याला पूर्वेच्या बाजूला बसलात तर सूर्य तुमच्या डोळ्यांत. सप्टेंबरमध्ये पश्चिमेची बाजू घ्या, सूर्य पाठीमागे राहतो आणि संध्याकाळी सावली आधी तुमच्याकडे येते. नोव्हेंबरमध्ये मात्र मी मुद्दाम पूर्वेला बसते. तेवढंच तोंडावर ऊन.

बूड टेकण्याची गोष्ट

कॉलेजच्या मोठ्या स्टेडियमांत स्वस्त जागा म्हणजे खुर्ची नसते. ॲल्युमिनियमचा लांबलचक बाक असतो, त्याला सगळे ब्लीचर म्हणतात. त्यावर रंगाने आकडे आणि दोन आकड्यांच्या मध्ये साधारण अठरा इंच. पाठीला टेकायला काही नाही, मागच्याचे गुडघे हीच तुमची पाठ. सप्टेंबरमध्ये टी-शर्टवर हे जमून जातं. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक जण जाडजूड कोट घालून येतो आणि तोच बाक अचानक अपुरा पडतो. म्हणून थंडीत सामना सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी जाऊन बसा. उशिरा आलेल्याला स्वतःच्याच आकड्यावर जागा उरत नाही.

थंडीची एक खरी युक्ती सांगते, ती मला माझ्या पहिल्याच वर्षी शेजारच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवली. घरात आलेल्या पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा पावलांच्या मापाचा कापायचा आणि पायाखाली घालायचा. बसायला फोमची चटई सगळेच नेतात, पण गारठा वर चढतो तो तळपायांतून. थंडगार काँक्रीट तासाभरात दोन मोज्यांतून आत शिरतं. २७ नोव्हेंबर २०२१ ला ओहायो स्टेटविरुद्ध सामना होता. बर्फ भुरभुरत होता, माझा मुलगा अकरा वर्षांचा. आम्ही अगदी वरच्या ओळींत होतो. पुठ्ठे दुपदरी घातले होते, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला शेजारच्या बाप-लेकीला त्यातला एक-एक पदर काढून दिला. मिशिगनने ४२-२७ असा सामना जिंकला आणि माणसं बांध फुटल्यासारखी मैदानात उतरली. माझा मुलगा त्या पुठ्ठ्यावर उड्या मारत होता. घरी येऊन बघितलं तर पुठ्ठा भिजून लगदा झालेला, पण मोजे कोरडे.

आई-बाबांना नेणार असाल तर गुडघ्यांचा विचार सगळ्यात आधी. परातीसारख्या स्टेडियममध्ये तुम्ही वरून आत येता आणि खाली उतरता, म्हणजे सामना संपल्यावर थकलेल्या पायांनी चढायचं असतं. माझ्या आईसाठी मी नेहमी वरची ओळ आणि वाटेच्या कडेची जागा घेते. पायऱ्यांना मध्ये कठडा आहे का, हे आधी कुणाला तरी विचारा. जुन्या बांधकामांत तो सगळीकडे नसतो आणि पायऱ्यांची उंचीही सारखी नसते. व्हीलचेअर किंवा अडचण असणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा असतात आणि त्या मागताना संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. आमच्याच स्टेडियममध्ये या जागा पुरेशा नव्हत्या. अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने कोर्टाची पायरी चढल्यावर २००८ मध्ये समझोता झाला आणि मग त्या वाढल्या. माझं या स्टेडियमवर प्रेम आहे, पण ही सोय आपणहून व्हायला हवी होती असं मला आजही वाटतं.

स्टुडंट सेक्शनच्या जवळ तिकीट घेताना एवढं लक्षात ठेवा की ती मुलं पूर्ण सामनाभर उभी असतात. टेक्सास ए अँड एमच्या काइल फील्डवर तर उभं राहणं हीच परंपरा आहे. वेळ आली तर बारावा खेळाडू म्हणून मैदानात उतरायला आपण तयार आहोत, असा त्याचा अर्थ. तरुण असाल तर तिथेच जा. आजी-आजोबांना घेऊन मात्र त्यांच्या मागच्या ओळीत बसू नका, काही दिसणार नाही.

आवाज, आणि तो कुठून येतो

मी शिकत होते तेव्हा लाखभर माणसं ओरडायची आणि आवाज उघड्या परातीतून सरळ आभाळात जायचा. बिग हाऊस तेव्हा आकाराच्या मानाने शांत म्हणूनच ओळखलं जायचं. २०१० मध्ये २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चून दोन्ही लांब बाजूंना उंच इमारती उभ्या केल्या. महागड्या खोल्यांसाठीच केल्या, आणि मला तेव्हा ते अजिबात आवडलं नव्हतं. पण त्या भिंतींनी आवाज आत अडवला आणि त्याचा लाभ वरच्या ओळीतल्या माणसालाही झाला. आप्पांना पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा ते खेळाकडे न बघता बराच वेळ नुसते आजूबाजूला बघत होते. मग म्हणाले, "पोरी, हितं आवाज भाईर जात न्हाई. फिरून आपल्याच अंगावर येतोय." स्टेडियममध्ये गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी आता हेच तपासते.

आवाजाचा एक शिष्टाचार आहे, तो पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. आपल्या संघाकडे चेंडू असताना गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, सहकाऱ्यांना सूचना द्यायच्या असतात. समोरच्या संघाकडे चेंडू असताना, त्यातही थर्ड डाऊनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, जीव तोडून ओरडायचं. आपली माणसं उत्साहाने उलटं करतात आणि पुढच्या ओळीतले लोक वळून बघतात. लहान मुलांना कानावर घालायचे मफ न्या. माझ्या मुलाला पाच वर्षांचा होईपर्यंत मी त्यांच्याशिवाय आत नेलं नाही.

पण माणसांचा आवाज आणि भोंग्यांचा आवाज यांत फरक असतो. हा सामना घड्याळाने साठ मिनिटांचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. प्रत्यक्षात साडेतीन तास लागतात, कारण टीव्हीवर जाहिराती चालू असताना मैदानातला खेळ थांबतो. लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो हलेपर्यंत चेंडू उचलायचा नाही. घरी बसलेल्याला त्या वेळात गाडीची जाहिरात दिसते, स्टेडियममधल्या लाख माणसांना काय मिळतं? हा प्रश्न प्रत्येक स्टेडियमला विचारा. वाईट ठिकाणी तो वेळ पडद्यावरच्या जाहिरातींनी आणि कानठळ्या बसवणाऱ्या रेकॉर्डेड संगीताने भरतात, शेजारच्याशी बोलताही येत नाही. चांगल्या ठिकाणी तो वेळ बँडला देतात.

कॉलेजच्या स्टेडियमचा जीव बँड आहे. व्यावसायिक संघांकडे पैसा असतो, तारे असतात, पण वर्गात तुमच्या शेजारी बसणारी मुलगी उद्या ट्रॉम्बोन घेऊन मैदानात उतरेल, हे तिथे नाही. कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये बँड चालता चालता मैदानावर 'ओहायो' असं इंग्रजीत सलग वळणदार अक्षरांत लिहितो आणि शेवटी सुझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एक जण ऐटीत चालत जाऊन 'आय'वरचा ठिपका होतो. आमच्या कडव्या प्रतिस्पर्ध्यांचा बँड आहे, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हाफटाइम वीस मिनिटांचा असतो. त्या वेळी हॉटडॉग आणायला उठू नका. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर जाऊन या, रांगही छोटी असते. आणि तिकीट घेताना बँड कुठे बसतो, तो कुठल्या बाजूला तोंड करून वाजवतो, हे बघा. त्याच्या समोरच्या बाजूला बसायचं.

काही स्टेडियमांत एखादी गोष्ट अशी असते की तिच्यासाठी प्रवास करावा. विस्कॉन्सिनला मॅडिसनच्या कॅम्प रँडलमध्ये तिसरा क्वार्टर संपला की एक ठरलेलं गाणं लागतं आणि अख्खं स्टेडियम उड्या मारतं, १९९८ पासून. २००३ मध्ये बांधकामाच्या काळजीने विद्यापीठाने ते बंद करून बघितलं, तर विद्यार्थी इतके खवळले की पुन्हा सुरू करावं लागलं. आणि आयोवा सिटीचं किनिक स्टेडियम. २०१७ पासून तिथे पहिला क्वार्टर संपला की सगळे प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू, पंचसुद्धा, शेजारच्या उंच इमारतीकडे वळतात आणि हात हलवतात. ते लहान मुलांचं रुग्णालय आहे. वरच्या मजल्यांवरच्या काचांमागे आजारी मुलं आई-वडिलांबरोबर उभी असतात आणि तीही हात हलवतात. मी तिथे परक्या संघाचा शर्ट घालून उभी होते. माझ्या शेजारचा दाढीवाला गडी मघापासून आमच्या संघाला शिव्या घालत होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि दुसरा हात इतका वेळ हलवत राहिला की पुढचा खेळ सुरू झाल्याचं त्याला कळलं नाही. त्या इमारतीच्या उलट्या बाजूला तिकीट घ्या, म्हणजे वळावं न लागता खिडक्या समोर दिसतील.

पाणी, रांगा आणि एक वाईट दिवस

हा भाग मी अनुभवाने शिकले. दुसऱ्या एका राज्यातलं मोठं स्टेडियम, नाव लिहीत नाही. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, भर दुपारी बाराचा किकऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, आम्ही वरच्या डेकवर. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत आमच्या मजल्यावरच्या दोन्ही दुकानांतलं बाटलीबंद पाणी संपलं. पिण्याचा नळ एकच, त्याची रांग रॅम्पपर्यंत. आप्पा एरवी उन्हातान्हात फिरलेले, पण ॲल्युमिनियमचा बाक तापून त्यातून झळा येत होत्या. त्यांनी बोलणं थांबवलं. मी वळून बघितलं तर चेहरा पांढरा आणि घाम थांबलेला. प्रथमोपचाराची खोली विचारली तर ती स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या मजल्यावर. शेवटी मी आणि नवऱ्याने त्यांना धरून रॅम्पच्या सावलीत नेलं. मागच्या ओळीतल्या एका बाईंनी स्वतःच्या मुलाचा बर्फाचा पेला दिला, तो आम्ही रुमालात बांधून मानेवर ठेवला. वीस मिनिटांनी ते नीट बोलायला लागले. सामन्याचा निकाल काय लागला हे मला आज आठवत नाही.

तेव्हापासून नियम केलाय. आत गेल्यावर जागेवर जाण्याआधी पिण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार या तीन ठिकाणांपर्यंत स्वतः चालत जायचं आणि म्हाताऱ्या माणसांनाही दाखवायचं. जागेपासून नळ शंभर पावलांच्या आत हवा. बाटली नेता येते का, भरलेली की रिकामी, याचा नियम स्टेडियमगणिक वेगळा असतो. सामन्याच्या आठवड्यात स्टेडियमच्या वेबसाइटवर वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. पिशवीचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवीच चालते. आईची कापडी पिशवी गेटवरून गाडीत परत न्यावी लागली की अर्धा तास जातो. औषधं असतील तर पुडीवर नाव असू द्या.

जुन्या स्टेडियमांत कॉन्कोर्स, म्हणजे बाकांच्या मागचा फिरायचा पट्टा, अरुंद असतो. हाफटाइमला तिथे जत्रेतल्यासारखी चेंगरण होते. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचं बीव्हर स्टेडियम लाखावर माणसांचं. १९६० मध्ये जुनं पोलादी स्टेडियम सातशे तुकड्यांत सुटं करून आत्ताच्या जागी आणलं आणि पुढे त्याला जोड देत देत ते वाढलं. पांढरे कपडे घालून एक लाख माणसं त्या लोखंडावर पाय आपटतात तेव्हा छातीत धडधडतं, तो अनुभव घ्याच. पण असं वाढत गेलेल्या स्टेडियमांत वाटा नेहमी माणसांच्या मागे पडतात. लहान मुलांना अशा ठिकाणी हाताला धरून ठेवा आणि त्यांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा.

पोचणं आणि निघणं

कॅम्पसपासून चालत जाता येणारं स्टेडियम हे निम्मं काम तिथेच करून टाकतं. मॅडिसनला वस्तीतल्या गल्ल्यांमधून, घरांच्या ओसरीवर बसलेल्या माणसांना हात करत तुम्ही गेटपाशी पोचता. अटलांटाला जॉर्जिया टेकचं स्टेडियम भर शहरात आहे, मार्टा या तिथल्या मेट्रोच्या नॉर्थ अव्हेन्यू स्टेशनवरून चालत जा. सिअ‍ॅटलला २०१६ पासून लाइट रेल थेट स्टेडियमच्या दारात उतरवते. बे एरियातल्या मंडळींना बर्कलीला बार्ट या लोकल रेल्वेने जाऊन डोंगराकडे चढता येतं. ते १९२३ चं स्टेडियम चक्क हेवर्ड फॉल्टवर, म्हणजे भूकंपाच्या भेगेवर, उभं आहे आणि मागच्या टेकडीवर बसून सामना फुकट बघणाऱ्यांची परंपरा तितकीच जुनी. उलट लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या मुलांना स्वतःच्या 'घरच्या' सामन्यासाठी वेस्टवुडहून रोझ बोलपर्यंत पंचवीसेक मैल जावं लागायचं. १९८२ पासून तसंच चाललेलं. शनिवारी सकाळी खोलीतून उठून मित्रांबरोबर चालत जाण्यात जी मजा आहे ती बसमध्ये कशी येणार?

न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवे भागात आपली इतकी कुटुंबं आहेत, पण रटगर्सच्या सामन्याला गेलेली फार थोडी भेटतात. जा. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्स्विकमध्येच झाला, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. साधारण बावन्न हजारांचं स्टेडियम, नवख्या कुटुंबाला झेपणारं, आणि संघाने गुण मिळवले की तोफ उडते.

टेलगेट, म्हणजे सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीपाशी रंगणारं खाणंपिणं, चुकवू नका. ॲन आर्बरला स्टेडियमसमोरच्या शाळेच्या पार्किंगमध्ये आणि गोल्फच्या हिरवळीवर सकाळपासून डिक्या उघडतात. आम्ही थर्मासमध्ये मिसळीचा कट आणि डब्यात फरसाण नेतो. दर वेळी शेजारच्या गाडीतून कुणीतरी वासावर येतं आणि बदल्यात सॉसेज देऊ करतं. जिथे टेलगेटला मोकळी जागा आहे आणि ती साध्या तिकीटवाल्याला परवडते, तिथले लोक सामन्याच्या आधीच एकमेकांचे झालेले असतात. सगळं पार्किंग देणगीदारांसाठी राखून ठेवलेल्या स्टेडियममध्ये हे होत नाही.

तिकीट फोनवर असतं. घरून निघण्याआधीच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. लाख माणसं जमली की गेटपाशी नेटवर्क बसतं आणि तुमचं तिकीट गोल गोल फिरत राहतं. आत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते गेटचा नंबर घेऊन आधीच ठरवा, फोनवर भरवसा ठेवू नका. सामन्याची वेळ टीव्हीवाले बऱ्याचदा बाराच दिवस आधी ठरवतात, कधी सहा. त्यामुळे परगावचं विमान किंवा हॉटेल घेताना शनिवार पूर्ण मोकळा ठेवा.

निघताना घाई करू नका. शेवटची पाच मिनिटं चुकवून गाडीकडे पळणारे आणि शेवटपर्यंत थांबणारे एकाच सिग्नलला भेटतात. आम्ही सामना संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसतो. बँड वाजवत असतो, मॅडिसनला तर सामन्यानंतरच्या या वाजवण्याला पाचवा क्वार्टर म्हणतात. खालची माणसं ओसरतात, पायऱ्या मोकळ्या होतात. मग आई एकेक पायरी चढते, मी तिच्या मागे, आणि आप्पा वर कठड्याला टेकून रिकाम्या होत चाललेल्या परातीकडे बघत उभे असतात. पहिल्यांदा नेणार असाल तर सप्टेंबरच्या सुरुवातीचा, लहान संघाविरुद्धचा, साडेतीनचा सामना निवडा. तिकीट स्वस्त, थंडी नाही, आणि पश्चिमेकडच्या वरच्या ओळीत हव्या तशा जागा मिळतात.